वाचक विचारतात : पुस्तकाखालचं बिल

गेल्या अंकात ‘रविवारी चर्च आणि सोमवारी ऑफिस’ असं मी सहज एका ओळीत लिहून गेलो, त्यावर पत्रांचा ढीग आला. त्यातली पाच इथे घेतली आहेत. नावं काढली आहेत, कारण दोघांचे साहेबही हे मासिक वाचतात म्हणे. एक आधीच सांगतो. मी पाळक नाही, ईश्वरविद्येच्या वर्गात कधी बसलेलो नाही. कुर्ल्याच्या एका इंजिनीअरिंग कारखान्यात ३१ वर्षं स्टोअरकीपर होतो, नट-बोल्ट मोजले. उत्तरं त्या माणसाची आहेत.

प्रश्न : मी परळच्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, राहते नालासोपाऱ्याला. आम्ही वसईकडचे कॅथलिक. महिन्यातले दोन-तीन रविवार ड्युटीत जातात. आई म्हणते, मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकवून कसली सेवा? आणखी एक. रात्री वॉर्डात एखादा पेशंट फार घाबरलेला असतो, तेव्हा त्याच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना करावीशी वाटते. करू का? — एक सिस्टर

उत्तर : सिस्टर, आईंना मत्तयाचा बारावा अध्याय वाचून दाखवा. शिष्यांनी शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या, दिवशी कणसं मोडून खाल्ली म्हणून परूशी, म्हणजे नियमांचे कर्मठ लोक, भांडायला आले, तेव्हा प्रभूनं त्यांना त्यांच्याच मंदिरातला दाखला दिला. याजक शब्बाथाच्या दिवशी मंदिरात काम करतात आणि तरी त्यांना दोष लागत नाही. मंदिरातलं काम म्हणजे नुसतं स्तोत्र म्हणणं नव्हे. जनावर कापायचं, लाकडं रचायची, राख काढायची, सगळी अंगमेहनत. तुम्ही सलाइन लावता, बेडपॅन देता. मला दोन्हींत फरक दिसत नाही. शिवाय तुमच्याकडे शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची धरतात, हे तुम्हाला माझ्यासारख्या प्रोटेस्टंटानं सांगायला नको. माहीमला बुधवारी नोव्हेनाच्या प्रार्थनेला जाणाऱ्या नर्सेस मी गाडीत पाहिल्या आहेत, नाइट करून, डोळे अर्धे मिटलेले. मी नोव्हेनाचा माणूस नाही, पण त्यांना उभं राहून जागा दिली आहे.

मात्र ड्युटी लिस्ट लागली की रविवार मोकळा मिळावा म्हणून तुम्ही कोणाबरोबर बदली करता, ते पाहा. गौरीच्या दिवशी तिची नाइट तुम्ही घेता का? ईदला घेता का? घेत असाल तर निर्धास्त चर्चला जा. नसाल, तर तुमच्या मिस्सेचे पैसे दुसरीच कोणीतरी भरते आहे.

आता प्रार्थनेचं. दारावर आलेल्या माणसाला आपण ‘नको’ म्हणून दार लावू शकतो. ज्याच्या हातात सुई आहे आणि जो लघवीला जायचं तरी तुम्हालाच हाक मारतो, त्यानं ‘नको’ कसं म्हणायचं? तो ‘हो’ म्हणेल, पण भीतीनं. म्हणून त्यानं मागितली तर करा, थोडक्यात करा. नाही मागितली तर मनात करा, तिथे कोणाची हरकत नसते.

माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं त्या रात्री साधारण तीनच्या सुमारास एक सिस्टर ड्रेसिंग बघायला आली. एसीचा वॉर्ड होता. पोटाला हात लावण्याआधी तिनं दोन्ही तळवे एकमेकांवर चोळले, फुंकर घातली, पुन्हा चोळले आणि मग हात ठेवला. ती कोणत्या धर्माची होती मला माहीत नाही. चष्मा काढून ठेवलेला, नेमप्लेट वाचता आली नाही.

प्रश्न : अंधेरीच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये आहे. दर श्रावणात ऑफिसात सत्यनारायण असतो, माणशी ३०० रुपये वर्गणी. मागच्या वर्षी मी ताप आल्याचं कळवून रजा टाकली. यंदा पुन्हा तेच करावं की स्पष्ट नाही म्हणावं? प्रसादाचं काय? — एक तरुण, कांदिवली

उत्तर : बाळा, प्रसादाच्या भीतीनं तू खोटा ताप आणलास. पूजेला बसलेल्यांनी त्या दिवशी काही पाप केलं की नाही ते देव जाणे, तुझं मात्र मस्टरवर लेखी आहे.

आता मुद्द्याचं. नामानाची गोष्ट आपण संडेस्कूलमध्ये यार्देनेत सात बुचकळ्या मारण्यापर्यंतच ऐकतो. पुढची वाच, २ राजे, पाचवा अध्याय. अरामी सेनापती, कोड बरं झालेलं, इस्राएलच्या देवाखेरीज आता कोणाला यज्ञ करायचा नाही असं ठरवून दोन खेचरांच्या ओझ्याइतकी माती मागतो. आणि लगेच त्याला ऑफिस आठवतं! माझा धनी रिम्मोनाच्या देवळात जातो, माझ्या हातावर टेकून नमन करतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं. तेवढ्याची क्षमा असावी. अलीशा संदेष्ट्यानं काय म्हटलं? शांतीनं जा. बस, एवढंच. परवानगी दिली म्हणावं तर तसं लिहिलेलं नाही, रागावला म्हणावं तर तसंही नाही. त्या दोन शब्दांवर मी अनेक खंडेनवम्या काढल्या.

आमच्या कारखान्यात खंडेनवमीला यंत्रांची पूजा असे. आदल्या दिवशी दुपारपासून लेथ, शेपर, ड्रिलिंग मशीन रॉकेलनं पुसायची, चकमधला कीस ब्रशनं काढायचा, बेडला तेल द्यायचं. वर्षातून एकदा त्या मशिनी इतक्या स्वच्छ होत. ते काम मी बाह्या सरसावून करत असे, कारण त्यात मला काही खटकलं नाही. झेंडूही स्टोअर्सच्या पैशानं दादरहून मीच आणत असे आणि टोपलीचं वजन करून घेत असे. (फुलवाला ओली फुलं घालतो, माहीत असू द्या.) आरतीच्या वेळी गेटजवळचा फोन सांभाळायला मी बसायचो. हे मी फोरमनला पहिल्याच वर्षी दोन दिवस आधी एकट्याला गाठून सांगितलं होतं. ऐन वेळी, ताट समोर आल्यावर, चारचौघांत तत्त्व काढायचं नाही. तो म्हणाला, “बरं झालं, दरवर्षी फोनपाशी कोण बसणार यावरून भांडणं होतात.” पुढे आज्ञापालनाच्या गुरुवारी, म्हणजे शुभ शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी, तो न मागता मला पाचला सोडायचा. त्या दिवशी सुट्टी नसते, ते त्याच्या लक्षात असे.

प्रसादाच्या पेढ्याबद्दल प्रेषित पौलाचं म्हणणं तू समजतोस तितकं सैल नाही आणि तुझे पाळक सांगतात तितकं सोपंही नाही. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात आठव्या अध्यायात तो म्हणतो, मूर्ती म्हणजे काहीच नव्हे. दहाव्यात म्हणतो, बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा, पण कोणी ‘हे वाहिलेलं आहे’ असं सांगितलं तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. म्हणून मी खात नसे. पण ताट परत ढकललंही नाही. दोन्ही हातांनी घ्यायचो आणि हेल्परच्या लेकीसाठी त्याच्या डब्यात ठेवायचो. आमच्या भायखळ्याच्या मंडळीत एकजण म्हणायचे, हातात घेतलास तिथेच चुकलास. दुसरे एक दोन पेढे खायचे आणि वर आणखी मागायचे. रोमकरांच्या पत्रातला चौदावा अध्याय या दोघांसाठीच आहे : खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये, न खाणाऱ्यानं खाणाऱ्याला दोष लावू नये. तू कुठे उभा राहायचं ते तूच ठरव. वर्गणी मात्र दे. त्यातले निम्म्याहून जास्त पैसे जेवणावर जातात, आणि जेवायला तू बसणारच आहेस.

प्रश्न : मी फोर्टमधल्या एका फर्ममध्ये सेक्रेटरी आहे. साहेब समोर बसलेले असतात आणि मला सांगतात, “मीटिंगमध्ये आहेत म्हणून सांग.” दिवसातून दहा वेळा खोटं! — एक भगिनी, गिरगाव

उत्तर : ताई, “साहेब आत्ता फोन घेऊ शकत नाहीत, निरोप देते,” असं म्हणा. हे खरं आहे, आणि साहेबांचंही काम होतं. मग तो निरोप खरोखर द्या. साहेबांशी यावर चर्चा करू नका, चार दिवसांत त्यांच्या कानाला सवय होईल. उलट, ही बाई फोनवर खोटं बोलत नाही हे समोरच्यांना कळलं, की तुमच्या ‘आज चेक निघालाय’ या वाक्याला बाजारात किंमत येते. साहेबांनाच ते उपयोगी पडेल.

प्रश्न : ऐरोलीत डेटा एंट्री करते. दिवसभर विम्याचे फॉर्म भरायचे. आमच्या युवक संघात सांगतात की नोकरी ऐहिक आहे, खरी सेवा सुवार्तेची. मग माझे नऊ तास वाया जातात का? — एक वाचक, दिवा

उत्तर : सांगणाऱ्याला विचारा, पौल करिंथात उतरला कुठे? अक्विला आणि प्रिस्किल्लाच्या घरी. का? तर तिघांचा धंदा एकच होता, तंबू करण्याचा. प्रेषितांच्या कृत्यांत अठराव्या अध्यायाच्या आरंभीच आहे. सुवार्ता होती म्हणून त्यानं दाभण ठेवून दिला नाही. प्रभूलाही गावचे लोक ‘सुतार’ म्हणूनच ओळखत होते. नासरेथात त्यानं केलेल्या एखाद्या जोखडाविषयी शास्त्रात एक ओळ नाही, पण ते बैलाच्या मानेला बोचत नसणार, असं मला आपलं वाटतं.

तुमच्या कामाच्या अधिक जवळचं उदाहरण देतो. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापखाना घातला. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्या मराठी बायबल करत होत्या. १९२२ साली त्या वारल्या, त्याच्या थोडंच आधी ते काम हातावेगळं झालं. ते बायबल त्यांच्याच छापखान्यात निघालं. खिळे जुळवणं, प्रुफं, छपाई, बांधणी ही कामं तिथल्या बायकांनी केली. त्यांत दुष्काळातून आलेल्या होत्या, विधवा होत्या, नुकती अक्षरं शिकलेल्या होत्या. खिळे जुळवणं म्हणजे काय? शिशाचं एकेक अक्षर उचलायचं, उलटं वाचायचं, काठीत लावायचं, पुन्हा पुढचं. काना राहिला तर वचन बदलतं. तुमचं कामही तेच आहे, फक्त खिळ्यांच्या जागी कीबोर्डच्या कळा आल्या. तुमच्या फॉर्मवर जन्मतारखेत एक आकडा चुकला, तर कुठल्यातरी विधवेचा क्लेम अडकतो आणि ती सहा महिने खेटे घालते. तिचं तोंड तुम्हाला कधी दिसणार नाही, म्हणून तो आकडा दोनदा बघा.

युवक संघाला मात्र जात राहा. गाणी चांगली असतात.

प्रश्न : धारावीत माझा युनिफॉर्म शिवण्याचा धंदा आहे. सहा मशिनी, आठ कारागीर, सगळ्या जातिधर्माचे. देवानं इथवर आणलं म्हणून दारावर वचनाची मोठी पाटी लावायची माझी फार इच्छा आहे. भागीदार म्हणतो गिऱ्हाईक तुटेल. लाजू नये असं शास्त्र सांगतं ना? सध्या जरा ओढाताण आहे, एका सिक्युरिटी कंपनीनं चार महिने पैसे थकवलेत, त्यामुळे कारागिरांचे मागचे दोन आठवडे बाकी आहेत, पण देव मार्ग काढील. पाटी ॲक्रिलिकची करू की पितळेची? — एक बंधू

उत्तर : बंधू, तुमचं पत्र पाटीवर आहे आणि त्यातलं एक वाक्य पगारावर. मी त्या वाक्यावर अडकलो, त्याला कारण आहे.

१९८५ सालची गोष्ट. गिरणी संपात नोकरी गेलेले एक गृहस्थ आम्हाला कॉटन वेस्ट पुरवायचे. मशिनी पुसायला लागतं ते सुताचं गुंतवळ. ते स्वतः निवडून, गोणीत भरून, हातगाडीवर आणायचे. एकदा पावसाळ्यात गोणी दमट निघाली. दमट म्हणजे वजन जास्त. मी चार किलो कापतो म्हणालो, त्यांनी हेल्परांदेखत माझ्याशी वाद घातला. बोलता बोलता म्हणाले, “साहेब, काटा तुमचा पण खोटा आहे.” मला ते झोंबलं. बिल १,१४० रुपयांचं. माल मिळाल्याची सही करून मी अकाउंट्सला पाठवायचं, एवढंच माझं काम. मी “बघू” म्हणालो आणि ते खणात टाकलं.

ते दर मंगळवारी यायचे. पाण्याच्या पिंपाजवळच्या बाकावर बसायचे, टोपी गुडघ्यावर ठेवून. मी “या आठवड्यात साहेब नाहीत,” “ऑडिट चाललंय,” असं काहीबाही सांगायचो. सात मंगळवार. आणि याच काळात रोज दुपारी जेवणानंतर आम्ही चौघे ख्रिस्ती कामगार रॅकच्या मागे बसून एक अध्याय वाचत होतो. वाचायचो मी. माझा ‘नवा करार’, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, त्याच खणात असायचा.

क्रमानं याकोबाचं पत्र आलं. पाचव्या अध्यायात आहे, की ज्यांनी तुमची शेतं कापली त्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी गेली आहे. मी नेहमीच्या चालीत वाचत होतो. आमचा एक हेल्पर, ख्रिस्ती नव्हे, गोष्ट ऐकायला म्हणून तंबाखू मळत जवळ बसायचा. तो म्हणाला, “म्हणजे आपले मंगळवारवाले.” त्याला टोमणा मारायचा नव्हता, त्याला शेतकापणीवाला कोण ते समजून घ्यायचं होतं. बाकीचे तिघे माझ्याकडे बघायला लागले.

पुस्तक परत ठेवायला खण उघडला तर बिल बरोबर खाली होतं. इतके दिवस पुस्तक त्याच्यावरच ठेवत होतो. चहाच्या कपाचा गोल डाग पडला होता त्यावर.

त्या दुपारी सही केली, चार किलो न कापता. पुढच्या मंगळवारी त्यांना रोख मिळाले. अंगठा ओला करून त्यांनी नोटा दोनदा मोजल्या, रेव्हेन्यू स्टॅम्पला जीभ लावून पावतीवर चिकटवला, आडवी सही केली आणि मला विचारलं, “पुढचा माल कधी आणू?” माफी मागायचं माझ्या ओठांवर आलं होतं. मागितली नाही. पुढे दोन वर्षं ते येत होते, तरी नाही. नंतर काटा मात्र तपासून घेतला. पाव किलोचा फरक निघाला, आमच्या बाजूनं.

तर, लेवीय एकोणिसाव्या अध्यायात मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नकोस असं आहे. बायबलमधल्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात तर सूर्य मावळायच्या आत दे, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो, असं म्हटलं आहे. मालकाचे पैसे कुठे अडकले असतील तर ठेव, अशी सवलत मोशेनं ठेवलेली नाही. तुमच्या कारागिरांची बाकी आधी चुकती करा, त्यासाठी भागीदाराचं किंवा बायकोचं काही काढावं लागलं तरी विचारा, नाही म्हणतील तर नाही. कारागिरांना नेमकी तारीख सांगा. ‘देव मार्ग काढील’ हे त्यांना सांगू नका. घरभाडं त्यांना पाच तारखेला द्यायचं असतं आणि त्यांच्या घरमालकाला ते वाक्य चालत नाही.

आणि सिक्युरिटी कंपनीपुढे गप्प बसणं म्हणजे ख्रिस्ती नम्रता, असा समज असेल तर तो सोडा. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे तुमच्यासारख्या लहान पुरवठादाराचे पैसे, लेखी करार काहीही म्हणो, ४५ दिवसांपलीकडे ठेवता येत नाहीत. पुढे चढं व्याज लागतं. तुमची उद्यम नोंदणी असेल तर त्यासाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकता येते. नसेल तर नोंदणी करून घ्या, फी लागत नाही; पण नोंदणीआधी दिलेल्या मालाला तिचा उपयोग होईलच असं नाही. तक्रारीआधी एक साधं पत्र पाठवा : बिल क्रमांक, चलन क्रमांक, माल पोचल्याची तारीख, रक्कम. पत्रात वचन घालू नका.

पाटीचं म्हणाल तर पितळ धारावीच्या हवेत महिन्याभरात काळं पडतं, दर आठवड्याला घासावं लागेल. ॲक्रिलिक बरं. घाई नाही, कारागिरांचे दोन आठवडे चुकते झाले की ऑर्डर द्या. भागीदाराला मजकूर आधी दाखवा, दार त्याचंही आहे. कोणतं वचन ते तुम्ही लिहिलं नाहीत. कळवा.